मी न दिलेलं प्रॉम्प्टिंग

इथं येणारे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. लिहायचं मात्र आजवर टाळलं. आधीच सांगते — भानामती, करणी, अंगात येणं यातलं काहीच आमच्या घरात कधी चाललं नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव नदीत सोडले, आणि त्यांच्याबरोबर नवस, उतारे, अमावास्या, सगळंच गेलं. लहानपणी कुणी म्हणालं की अमक्या चिंचेखाली जाऊ नका, तर बाबा मुद्दाम आम्हाला तिथं बसवून शेंगा फोडून द्यायचे. असल्या घरात वाढलेली मी. त्यामुळे मला भास झाला असेल, मी घाबरले असेन, असं कृपा करून म्हणू नका. घडलं ते दुपारी चारच्या सुमाराला, दीडशे माणसं समोर बसलेली असताना.

ते सांगायचं तर माझी एक वाईट गोष्टही सांगावी लागते. न लिहिण्याचं खरं कारण ते आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीमध्ये आमचं कलाकेंद्र होतं. मूळचं ते गुळाचं गोदाम. मालकानं ते कलेसाठी म्हणून दिलं, मग आत लाकडी स्टेज, दोन विंगा, पडदा आणि पत्र्याच्या खुर्च्या आल्या. पण गुळाचा वास काही गेला नाही. उन्हाळ्यात भिंती तापल्या की तो पुन्हा सुटायचा, आणि तालीम चालू असताना पायाला मुंग्या चावायच्या. शनिवार-रविवारी तिथं वर्कशॉप असायचं — आवाजाचं, अभिनयाचं, मुलांसाठी नाचाचं. वर्षातनं दोन-तीन प्रयोग व्हायचे. सगळं बघायचे मोहन सर. शाळेत मास्तर होते, पण नाटकातलं त्यांना खरोखर कळायचं.

मी तिथं एक्क्याण्णवपासून जात होते. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात नोकरी, आणि सुट्टी मिळाली की कलाकेंद्र. झाडलोट केली, पोस्टर चिकटवली, दुसऱ्यांच्या साड्यांना पिना लावल्या. लहान-लहान कामं केली — शेजारीण, नर्स, गर्दीतली बाई. सरांनी तीन वर्षं घालवून माझं बोलणं ‘शुद्ध’ केलं. हाय-न्हाय गेलं, न आणि ण वेगळे झाले. मला वाटायचं, आता एकदाच मोठी भूमिका मिळू दे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सरांनी स्वतः एक नाटक लिहिलं. कारखान्यात अपघात होतो, आणि एका कामगाराची बायको गेटसमोर बसून राहते, एवढीच गोष्ट. दुसऱ्या अंकात तिचं चार पानांचं स्वगत. सरांनी आम्हाला गोल बसवून ते वाचून दाखवलं तेव्हा मी खाली जमिनीकडं बघत बसले.

कारण मी ते गेट बघितलं होतं. मी बारा वर्षांची असताना माझे बाबा फौंड्रीतल्या अपघातात गेले. भट्टीतला लोखंडाचा रस सांडला. त्या दिवशी त्यांची सलग दुसरी पाळी होती म्हणून आई आणि मी गावातनं डबा घेऊन गेलो होतो. गेटवर गर्दी. आतलं काही कुणी सांगेना. वॉचमन आईला म्हणत होता, वहिनी, तुम्ही घरी जावा, आम्ही निरोप धाडतो. आई रडली नाही की ओरडली नाही. डबा पोटाशी धरून ती त्याला एवढंच म्हणाली, “मी हितनं हलायची न्हाय. त्येंचा डबा गरम हाय अजून.” वॉचमननं मान खाली घातली. मला त्या वयातही कळलं, की ह्याला माहीत आहे.

पुढं बारावी झाल्यावर बाबांच्या जागेवर मला ऑफिसात घेतलं. पण गेटवरचं हे मी कुणालाही सांगितलं नाही. कलाकेंद्रात तर नाहीच. बाबा कशानं गेले असं कुणी विचारलं तर मी आजारानं म्हणायचे.

मला वाटलं होतं, ही भूमिका माझीच. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. सरांनी वाचन घेतलं तेव्हा मी उभी राहिले आणि स्वगत वाचलं. स्वच्छ, शुद्ध, एकही अक्षर न घसरता. सर म्हणाले, छान. मग त्यांनी अश्विनीला उभं केलं.

ही अश्विनी वर्कशॉपला येऊन दोनच आठवडे झाले होते. एकोणीस वर्षांची, वारणानगरला कॉलनीत राहणारी, वडील साखर कारखान्यात क्लार्क. एसटीनं यायची, बसमध्ये पेरू खायची, आणि आल्या आल्या सगळ्यांशी पाच वर्षांची ओळख असल्यासारखी बोलायची. तिनं वाचलं. अडखळत वाचलं, दोन ठिकाणी ओळ चुकली... पण मधेच थांबली आणि तिचे डोळे भरले. सर पुढं सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी नावं सांगितली. बायको — अश्विनी. मला म्हणाले, तू प्रॉम्प्टर, विसरलेली ओळ विंगेतनं तू द्यायचीस, तुझ्याएवढं पाठांतर कुणाचंच नाही. हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं.

त्या दिवसापासून मला एक आजारच जडला म्हणा. सर तिला किती वेळा हाक मारतात ते मी मोजायचे. तिनं नवा ड्रेस घातला की मला दिवसभर तेच दिसायचं. ती हसली तरी राग, दमली तरी राग. त्यात तालीम लांबली की तिची वारणेची शेवटची गाडी चुकायची, आणि सर सहज म्हणायचे, सुजाताकडं राहा की. मग ती आमच्या घरी. आई तिला आग्रहानं वाढायची, केसांना तेल लावून द्यायची. आईनं माझ्या केसांना हात लावून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. अश्विनी मांडी घालून बसायची, आईकडनं जुन्या गोष्टी ऐकायची, तिच्यासारखं बोलून दाखवायची, आणि आई हसायची. मी पलीकडं बसून स्क्रिप्टवर पेन्सिलीनं खुणा करायचे, पण कान त्यांच्याकडं.

ती मला सुजाताताई म्हणायची, अहो-जाहो करायची. एकदा तिनं विचारलं, ताई, तुम्ही असता तर हे वाक्य कसं म्हटलं असतं? मी म्हटलं, सर सांगतील तसं.

खोटं होतं ते. मी कसं म्हणेन ते मला पक्कं माहीत होतं. फौंड्रीच्या वजनकाट्याची एक छोटी केबिन होती, जेवणाच्या सुट्टीत ती रिकामी असायची. बाहेर भट्टीचा एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं दार लावून मी ते स्वगत रोज म्हणायचे. आणि तिथं माझी शुद्ध भाषा टिकायची नाही. आईचीच बोली तोंडात यायची. सरांच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, “मी इथून हलणार नाही. माझ्या नवऱ्याला बाहेर आणा.” मी म्हणायचे आईचं वाक्य. ते म्हटलं की पुढची चारही पानं आपोआप यायची. ते माझं होतं. अश्विनीला काही मिळालं तरी ते मिळणार नव्हतं.

प्रयोग रविवारी दुपारी ठेवला होता. पुण्याहून एक दिग्दर्शक येणार होते, त्यांना नव्या नाटकासाठी मुलगी हवी होती. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे अश्विनी सकाळपासून पाणी पीत होती. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. नाटक कशावर आहे ते मी तिला धड सांगितलंच नव्हतं.

मी उजव्या विंगेत स्टुलावर बसले होते. मांडीवर स्क्रिप्ट, हातात बॅटरी, पायाशी टेपरेकॉर्डर. सर प्रत्येक प्रयोग कॅसेटवर घ्यायचे, नंतर चुका सांगायला. माझ्या मागं दोन हातांवर बापूकाका पडद्याची दोरी धरून उभे. म्हातारे, कलाकेंद्र सुरू झाल्यापासूनचे.

दुसरा अंक सुरू झाला. अश्विनी गेटसमोर आली, वॉचमनचं काम करणाऱ्याचं बोलून झालं, आणि आता हिनं म्हणायचं — “मी इथून हलणार नाही.” इथनं स्वगत सुरू.

ती बोललीच नाही.

आधी मला वाटलं पॉझ घेतेय. मग कळलं. ती कोरी झाली होती. नाटकात काम केलेल्यांना हे माहीत असेल, माणूस समोर उभा असतो पण आत काही नसतं. तिनं हळूच नजर माझ्याकडं वळवली.

माझं बोट त्या ओळीवर होतं. बॅटरीचा उजेड त्या ओळीवर होता. नुसतं “मी इथून” एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती.

मी म्हटलं नाही. विसरले नाही, गोंधळले नाही... दिलं नाही. ओढणीचं टोक कधी दातात धरलं ते मला कळलं नव्हतं, पण ते मी आणखी घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मनात एकच होतं, आता पड. समोर खुर्च्या वाजायला लागल्या होत्या. कुणीतरी खोकलं. मला इतका आनंद झाला होता की त्याची आजही लाज वाटते.

आणि तेवढ्यात आवाज आला.

“मी हितनं हलायची न्हाय. त्येंचा डबा गरम हाय अजून.”

हळू, प्रॉम्प्टिंगला देतात तसा. आवाज माझा होता. आपलाच आवाज कॅसेटवर ऐकला की जरा परका वाटतो ना, बाहेरून आल्यासारखा — अगदी तसा. माझे दात ओढणीवर होते. जीभ टाळूला चिकटलेली होती. मी मान वळवून मागं बघितलं. बापूकाका दोरी धरून स्टेजकडं बघत होते. दुसरं कुणी नव्हतं.

अश्विनीनं ते वाक्य उचललं. तशाच्या तसं, त्याच बोलीत. म्हणता म्हणता तिचे दोन्ही हात पोटाशी आले, डबा धरल्यासारखे. नाटकात डबा नव्हता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती खाली बसली आणि पुढचं सगळं स्वगत तिनं आईच्या बोलीत म्हटलं. सरांचीच वाक्यं, पण बोली आईची. ती काही नवलाची गोष्ट नाही, आमच्या घरी राहून तिनं ती उचलली होती. पण पहिली ओळ... ती ओळ आई माझ्यासमोर एकदाच बोलली होती, अकरा वर्षांपूर्वी.

पडदा पडला आणि लोक उभे राहिले. बापूकाका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बरं झालं पोरी, वेळेवर आवाज दिलास, न्हायतर पडली हुती ती. सर धावत आले. म्हणाले, हे वाक्य कुठनं आणलंस? मी लिहिलेल्यापेक्षा चांगलं आहे. अश्विनी गळ्यात पडली, ताई, ताई म्हणत रडली. सगळ्यांसमोर म्हणाली, ताईंनी वाचवलं मला. मी बॅटरी बंद केली.

मग आई आत आली. मला वाटलं माझ्याकडं येईल. ती आधी अश्विनीकडं गेली, दोन्ही हातांत तिचं तोंड धरून बघत राहिली. नंतर माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “तू दिलंस व्हय तिला ते? बरं केलंस. कुणाच्या तरी तोंडानं बाहेर पडाय पायजे हुतं.”

मी हो म्हटलं.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी अश्विनीला घेतलं. ते तर होणारच होतं. आता गंमत बघा — मी तिला पाडायला निघाले होते, आणि माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढंही तिला मिळालं, वर मी देवमाणूस ठरले. महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. भीतीनं नव्हे. मत्सरानं. तो आवाज कुणाचा, याच्यापेक्षा त्यानं माझं वाक्य तिला का दिलं, हा प्रश्न मला जास्त छळत होता.

दुसऱ्या दिवशी कामावरनं येताना मी सरांकडनं ती कॅसेट मागून आणली. घरी लावली. ती शांतता टेपवर चांगली मोठी आहे, घड्याळ लावून मोजली, अकरा सेकंद. खुर्च्यांचा आवाज, खोकला, सगळं. आणि मग अगदी माईकजवळ, स्पष्ट, माझा आवाज. त्याआधी श्वास घेतल्याचंही ऐकू येतं. आईला म्हटलं, हे कोण बोलतंय सांग. ती तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, तुझाच आवाज की, मला कळत न्हाय व्हय.

मग मी ओढणी दातात धरून, टेपसमोर बसून तेच वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. गुं गुं असा आवाज निघाला. ओढणी काढून म्हटलं, तर कॅसेटवरच्यासारखं झालं. पुन्हा पुन्हा केलं. शेवटी वैतागून त्या कॅसेटवर मी रेडिओवरची गाणी भरली. सरांना सांगितलं, टेप गुंडाळली गेली. आज ती असती तर कुणाला तरी ऐकवता आली असती. पण तेव्हा मला ती घरात नको होती.

हळूहळू मी स्वतःची समजूत घातली. ऑफिसात एक डॉक्टर यायचे, त्यांना दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, ताणाखाली माणूस बोलून जातो आणि त्याला आठवतही नाही. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. म्हणजे मी दुष्टपणा करायला गेले पण आतनं चांगली निघाले, असं मानायची सोय झाली. नऊ वर्षं मी ते मानलं. नाटक मात्र सोडलं. कलाकेंद्रात जायचे, पण लहान मुलांच्या वर्कशॉपची नावं लिहून घ्यायला, वेळापत्रक लावायला.

दोन हजार सहामध्ये अश्विनी मुलांचं शिबिर घ्यायला आली. मधल्या काळात तिची नाटकं झाली, मालिकांत दिसली, पेपरात फोटो यायचे. फोटो दिसला की मी पान उलटायचे, ते काही थांबलं नव्हतं. पण समोर आली ती साध्या सुती साडीत, थोडी जाड झालेली, थकलेली. सकाळी मुलं यायच्या आधी आम्ही दोघी पायऱ्यांवर चहा घेत बसलो. ती आईची चौकशी करत होती. त्या ओळीनं माझं आयुष्य बदललं, ताई, असं म्हणाली. मग मला राहवेना.

मी म्हटलं, “अश्विनी, त्या दिवशी मी तुला ओळ दिली नव्हती. मी मुद्दाम गप्प बसले होते.”

तिनं कप खाली ठेवला.

“मला माहीत हाय,” ती म्हणाली. पुण्यात राहून सुधारलेली भाषा एकदम गळून पडली, आमच्याकडच्या मुली बोलतात तसं ‘होतो’ आलं. “मी तुमच्याकडंच बघत होतो की. तुमचं तोंड मिटलेलं होतं. हिरवी ओढणी होती दातात.”

ओढणीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर माझे आभार का मानलेस? ती म्हणाली, पहिला महिनाभर तुमचा भयंकर राग होता. तुमच्या घरी जेवलो, झोपलो, आणि तुम्ही असं केलंत. मग पुढं कधीतरी वाटलं, आपल्याला काही कळलेलंच नाही.

“तुम्ही मला पाडणार होता, ते मला दिसलं, ताई. आणि कुणीतरी तुम्हाला तसं करू दिलं नाही, ते पण दिसलं. हे मी कुणाला जाऊन सांगणार?”

आवाज कुठनं आला होता, असं मी विचारलं. तिला सांगता येईना. तुमच्याकडनंच, म्हणाली. तुमच्या जागेवरनं. पण तुमच्या तोंडातनं नाही.

तेवढ्यात मुलं आली आणि ती आत गेली. नंतर आम्ही दोघींनी हा विषय पुन्हा काढला नाही. ती गणपतीला फोन करते, मी करते. तिचं चांगलं चाललंय असं ऐकलं की मला अजूनही आधी टोचतं आणि मग बरं वाटतं. क्रम तोच आहे, काय करणार.

मी पुष्कळ विचार केला. डॉक्टरांचं म्हणणं अश्विनीनं मोडून काढलं. दुसरं काही मानावं तर आमच्या घरात ते बसत नाही, आणि मलाही ते मानायचं नाही. बाबा होते असं कुणी म्हणालं तर मी विचारीन, मग आवाज माझा कसा? काही धागा लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर लिहा.

आई आता थकलीय. घरी कुणी पाहुणे आले आणि टीव्हीवर अश्विनी दिसली, की ती त्यांना हमखास सांगते — ह्या पोरीला माझ्या सुजातानं ऐनवेळी आवाज दिला, न्हायतर हिचं काय खरं नव्हतं. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी तिथंच बसलेली असते. आणि दरवेळी गप्प बसते.